चाकामागची चकती : व्हील स्पेसर लावण्याआधी करायची चार मोजमापं



आज विषय जरा वेगळा आहे. मोजमाप हा घटक आपण तिसरीपासून शिकवतो. मिलिमीटर, सेंटीमीटर, भागाकार, दशांश अपूर्णांक हे सगळं फळ्यावर होतं. पण "सर, याचा उपयोग कुठं होतो?" असं एखाद्या मुलाने विचारलं की आपण कापड आणि दूध यांच्या पलीकडे सहसा जात नाही. म्हणून आज एक असं उदाहरण घेऊ, जिथे दोन मिलिमीटरची चूकही घरातल्या माणसांच्या जिवाशी येऊ शकते. ते उदाहरण म्हणजे कारचा व्हील स्पेसर.

पालकांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. अठरा-वीस वर्षांचा मुलगा घरात असेल, तर "पप्पा, आपल्या गाडीची चाकं आत गेल्यासारखी दिसतात, स्पेसर लावू या ना" हे वाक्य कधीतरी कानावर येतंच. हो म्हणावं की नाही? नुसतं ओरडून हा प्रश्न सुटत नाही. त्यामागचं गणित कळलं की उत्तर आपोआप मिळतं.

स्पेसर म्हणजे नेमकं काय?

गाडीचं चाक ज्या भागावर बसतं त्याला हब म्हणतात. हब आणि चाक यांच्या मध्ये जी धातूची चकती बसवतात, ती म्हणजे स्पेसर. चकती जितकी जाड, तितकं चाक बाहेर सरकतं. २० मिलिमीटरचा स्पेसर दोन्ही बाजूंना लावला, तर समोरासमोरच्या दोन चाकांमधलं अंतर ४० मिलिमीटरने वाढतं.

याचे मुख्य दोन प्रकार आहेत.

१) सरकवून बसवायचा स्पेसर : ही नुसती भोकं असलेली चकती. ती हबच्या स्टडवर सरकवायची आणि वर चाक चढवायचं. नट मात्र हबच्याच स्टडवर बसतात. ज्या गाड्यांना स्टडऐवजी बोल्ट असतात, त्यांत बोल्ट चकतीतून आरपार हबमध्ये जातो.

२) बोल्टने आवळायचा स्पेसर : ही जाड चकती आधी हबवर नटांनी आवळतात. तिला स्वतःचे वेगळे स्टड असतात, त्यांवर चाक बसतं. म्हणजे एका चाकाला नटांचे दोन संच. चार स्टडच्या गाडीला एरवी ४ × ४ = १६ नट लागतात, इथे ३२ होतात. त्यातले १६ चाकामागे झाकलेले राहतात आणि बाहेरून दिसतही नाहीत. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

स्पेसर फक्त दिखाव्यासाठीच असतो असं नाही, बरं का. मोठे ब्रेक बसवल्यावर चाकाची आतली बाजू ब्रेकच्या कॅलिपरला घासत असेल, किंवा रुंद टायर आतल्या भागाला लागत असेल, तर थोडी जागा मिळवायला तो वापरतात. जर्मनीत असे स्पेसर तपासणी-प्रमाणपत्रासह मिळतात आणि बसवल्यावर गाडी अधिकृत तपासनीसाकडून पाहून घ्यावी लागते. म्हणजे ही वस्तू मुळातच वाईट नाही. न मोजता बसवलेली मात्र नक्कीच वाईट.

चाक कशावर टिकून राहतं?

बऱ्याच जणांना वाटतं, गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं असतं, खुंटीवर पिशवी टांगतो तसं. तसं नसतं. वर्गात हा प्रयोग करून पाहा.

पाच-सहा पाठ्यपुस्तकं घ्या. ती उभी धरून दोन्ही तळव्यांमध्ये दाबा आणि सगळी रांग उचला. मधल्या पुस्तकांना खालून काहीच आधार नाही, तरी ती पडत नाहीत. कारण दाबामुळे पुस्तकांमध्ये घर्षण तयार होतं. आता दाब हळूहळू कमी करा. आधी एखादं पुस्तक किंचित घसरेल आणि मग धप्पकन सगळी खाली येतील.

चाकाचंही तसंच. नट आवळला की स्टड अगदी सूक्ष्म ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबातून तयार होणारं घर्षण चाकाला जागेवर ठेवतं. दाब कमी झाला की चाक हबवर किंचित सरकायला लागतं. मग प्रत्येक फेऱ्याला स्टड थोडा थोडा वाकतो आणि सरळ होतो. तार सारखी पुढेमागे वाकवली की तुटते ना? अगदी तसाच स्टड तुटतो. एक तुटला की उरलेल्यांवरचा भार वाढतो.

आता स्पेसर आला म्हणजे रांगेत एक पुस्तक वाढलं. जिथे एक सांधा होता तिथे दोन झाले. दोन्ही सांधे सपाट, स्वच्छ आणि घट्ट हवेत. म्हणूनच पुढची चार मोजमापं.

मोजमाप पहिलं : भोकांचं वर्तुळ आणि मधलं भोक

सगळ्या स्टडच्या मध्यबिंदूंतून एक वर्तुळ काढलं, तर त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. मारुती स्विफ्टला चार स्टड आणि १०० मिलिमीटर पीसीडी आहे. ह्युंदाई क्रेटाला पाच स्टड आणि ११४.३ मिलिमीटर. हा ११४.३ आकडा विचित्र वाटतो ना? मुलांना सांगा, ४.५ इंच गुणिले २५.४ करून बघा. बरोबर ११४.३ येतं.

काही गाड्यांचा पीसीडी ९८ असतो. ९८ आणि १०० मध्ये "दोनच मिलिमीटरचा तर फरक आहे, बसेल की" असं कोणी म्हणालं तर थांबवा. जबरदस्तीने बसवलं तर स्टड तिरके ताणले जातात आणि नट नीट टेकत नाहीत.

दुसरा आकडा मधल्या भोकाचा. हबच्या मध्यभागी एक गोल उंचवटा असतो आणि चाक त्यावर चपखल बसून केंद्रात येतं. स्विफ्टमध्ये त्याचा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. आता "सगळ्या गाड्यांना चालतो" म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पेसरचं भोक ७३.१ मिलिमीटर असेल, तर (७३.१ − ५४.१) ÷ २ = ९.५ मिलिमीटर फट सगळीकडून राहिली. चाक केंद्रात आणायला काहीच उरलं नाही. स्टिअरिंग थरथरतं आणि नट सैल व्हायला वाव मिळतो.

म्हणून स्पेसरचं मधलं भोक आपल्या हबला चपखल बसणारं हवं. शिवाय स्पेसर जाड असेल तर तो हबचा उंचवटा गिळून टाकतो, त्यामुळे स्पेसरच्या बाहेरच्या बाजूला तसाच उंचवटा असला पाहिजे. लांबट खाचांची, दोन-तीन पीसीडीला चालणारी चकती टाळा.

मोजमाप दुसरं : जाडी

चाकाच्या आतल्या बाजूला बहुधा ईटी आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ईटी ४५. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. २० मिलिमीटरचा स्पेसर लावला की ४५ − २० = २५. म्हणजे गाडीच्या दृष्टीने तुम्ही ईटी २५ चं चाक लावल्यासारखं झालं.

याने काय होतं? पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांदा लगेच बोलायला लागतो. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर असाच जास्तीचा भार येतो. पुढच्या चाकांच्या बाबतीत स्टिअरिंगची वागणूकही बदलते. खड्ड्यात चाक गेलं किंवा ब्रेक दाबला की स्टिअरिंग हाताला जास्त ओढतं.

टायर बाहेर आला की मडगार्डच्या कडेला घासण्याचीही शक्यता असते. रिकामी गाडी उभी असताना हे दिसत नाही. पाच माणसं आणि सामान भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावं लागतं. गावाकडे जाताना मागच्या सीटवर मुलं, डिकीत तांदळाचं पोतं आणि पुढे स्पीडब्रेकर, ही खरी परीक्षा.

बोल्टने आवळायच्या स्पेसरमध्ये आणखी एक वजाबाकी करायची. हबचे मूळ स्टड २६ मिलिमीटर बाहेर आलेले असतील आणि स्पेसर २० मिलिमीटरचा असेल, तर ६ मिलिमीटर टोकं बाहेर राहणार. चाकाच्या मागे त्यांच्यासाठी पोकळ जागा नसेल, तर चाक सपाट टेकणारच नाही. नट कितीही आवळा, उपयोग नाही.

मोजमाप तिसरं : आटे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप हेच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

नट किमान किती आट्यांवर बसला पाहिजे? कामचलाऊ नियम असा : स्टडचा व्यास जितका, किमान तितकी लांबी नटात गुंतलेली हवी. स्टड १२ मिलिमीटरचा आणि दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर असेल, तर १२ ÷ १.५ = ८. म्हणजे नट हाताने किमान ८ पूर्ण फेरे फिरला पाहिजे. आट्यांचं अंतर १.२५ असेल तर १२ ÷ १.२५ = ९.६, म्हणजे साधारण दहा फेरे.

आता उदाहरण सोडवू. समजा स्पेसर नसताना नट १० फेरे बसत होता. म्हणजे १० × १.५ = १५ मिलिमीटर. त्यात ५ मिलिमीटरचा सरकवून बसवायचा स्पेसर टाकला. उरले १० मिलिमीटर. १० ÷ १.५ म्हणजे साडेसहाच्या थोडं वर. हवे होते आठ. "पाच एमएमचाच तर आहे, त्याला काय होतंय" या वाक्याचं उत्तर या भागाकारात आहे. इथे लांब स्टड घातल्याशिवाय तो स्पेसर वापरायचाच नाही.

बोल्टवाल्या गाडीत बोल्टही स्पेसरच्या जाडीइतकाच जास्त लांब घ्यावा लागतो. कमी लांब असेल तर पकड कमी, आणि गरजेपेक्षा जास्त लांब असेल तर टोक आत जाऊन ब्रेकच्या भागांना लागू शकतं. नटाची किंवा बोल्टची टेकणारी बाजू शंकूसारखी आहे, गोल आहे की सपाट आहे, हेही चाकाच्या भोकाशी जुळलं पाहिजे. अंतर भरून काढायला वॉशर घालणे, एकावर एक दोन स्पेसर चढवणे, हे प्रकार कधीच करायचे नाहीत.

मोजमाप चौथं : आवळण्याचा जोर

नट किती जोराने आवळायचा हे गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत ते साधारण ८५ ते १२० च्या दरम्यान असतं. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तिकेतूनच घ्या. बोल्टने आवळायचा स्पेसर असेल, तर आतल्या नटांसाठी स्पेसर बनवणाऱ्याने दिलेला आकडाही पाहा.

१०० न्यूटन-मीटर म्हणजे किती? अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो वजनाइतका जोर. ०.५ × २०० = १००.

आता रस्त्याकडेला आपण काय बघतो? ४० सेंटीमीटरच्या पान्यावर ६० किलोचा माणूस उभा राहतो. ०.४ × ६०० = २४० न्यूटन-मीटर! हव्या त्या जोराच्या दुपटीहून जास्त. तो "मस्त घट्ट झालं" म्हणतो, पण स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला गेलेला असू शकतो. ताणून सैल पडलेलं रबर जसं पुन्हा पकड घेत नाही, तसं होतं. सैल नट धोक्याचा आणि जास्त आवळलेलाही धोक्याचा. म्हणून टॉर्क पाना लागतोच. तो जोर मोजतो आणि ठरलेल्या आकड्याला "कट" असा आवाज देतो.

बसवण्याचा क्रम

चारही मोजमापं जुळली, तरच पुढचं काम. तेही अनुभवी मेकॅनिककडून करून घ्यावं, आपण शेजारी उभं राहावं.

• हब, स्पेसर आणि चाक यांचे टेकणारे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ करा. गंज, माती, रंगाचे पापुद्रे राहिले तर ते नंतर दबतात आणि नट सैल पडतो.
• स्पेसर हबवर ठेवून हाताने हलवून पाहा. तो डुगडुगता कामा नये.
• आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. पुस्तिकेतला आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लावलं की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो.
• सगळे नट आधी हाताने बसवा आणि फेरे मोजा.
• समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. ओळीने आवळले तर चाक तिरकं टेकू शकतं.
• गाडी जॅकवरून खाली घेऊन शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्या.

बसवल्यानंतर

काम इथे संपत नाही. साधारण ८० ते १०० किलोमीटर चालवल्यावर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे. बोल्टने आवळायचा स्पेसर असेल, तर चाक काढून आतले नटही तपासायचे. मघाशी म्हटलं होतं ना, ते १६ नट दिसत नाहीत? म्हणूनच ते विसरले जातात. त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला आणि लांबच्या प्रवासाआधी तपासणी.

एक सोपी युक्ती : नट तपासल्यावर नट आणि चाक या दोन्हींवरून जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. हे काम घरातली मुलंही आवडीने करतात.

स्टिअरिंगची नवी थरथर, हळू चालवताना टकटक आवाज, नटाभोवती गंजाचा ओघळ यांपैकी काहीही दिसलं तर गाडी बाजूला घ्या. "घरी गेल्यावर बघू" नको.

आणि स्टेपनी! बोल्टवाल्या गाडीत लांब बोल्ट घातले असतील आणि पंक्चर झाल्यावर स्पेसर काढून स्टेपनी लावली, तर तेच बोल्ट आता जास्त आत जातील. म्हणून मूळ बोल्टचा संच डिकीत ठेवा. पंक्चरवाल्यालाही आधीच सांगा की या चाकामागे स्पेसर आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातलं कलम १८२अ बदललं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे काही बसवण्याआधी आपल्या आरटीओत विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो. वॉरंटीचाही प्रश्न येतो.

शाळेच्या व्हॅनबद्दल तर दुमत नकोच. ज्या गाडीत दुसऱ्यांची मुलं बसतात, तिला स्पेसर नको. महाराष्ट्रात शालेय बससाठीच्या २०११ च्या नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते. समितीच्या पुढच्या बैठकीत "गाड्यांच्या चाकांत काही बदल केले आहेत का?" हा एक प्रश्न जरूर विचारा. चाक मडगार्डच्या बाहेर आलेलं दिसलं तर चालकदादांना नीट विचारा, तेही समजून घेतात.

मग लावावा की नाही?

माझं स्पष्ट मत सांगते. रोजच्या वापरातल्या घरच्या गाडीला, फक्त दिसण्यासाठी स्पेसर लावू नये. घासण्याची खरी अडचण असेल, तर आधी योग्य ईटीचं चाक शोधावं, म्हणजे जास्तीचा सांधाच येत नाही. स्पेसर हा शेवटचा पर्याय.

तरीही मुलगा हट्ट धरून बसला, तर त्याच्यावर चिडू नका. त्याला एक कोरा कागद द्या आणि हे आकडे लिहून आणायला सांगा :

१) आपल्या गाडीचा पीसीडी आणि हबच्या उंचवट्याचा व्यास, शेजारी स्पेसरचे तेच आकडे.
२) चाकाचा सध्याचा ईटी, स्पेसरनंतरचा ईटी आणि भरलेल्या गाडीत टायर व मडगार्ड यांतलं अंतर.
३) स्पेसरसह नटाचे फेरे किती, हवेत किती.
४) पुस्तिकेतला आवळण्याचा आकडा आणि टॉर्क पाना कोणाकडे आहे त्याचं नाव.

शेवटी आरटीओचं उत्तर. यातली एकही जागा रिकामी राहिली, तर स्पेसर नाही. हा नियम तुम्ही लादलेला नसेल, त्याने स्वतः मोजून काढलेला असेल, म्हणून तो पटेलही.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता पाचवी ते सातवी)

• पुस्तकांच्या रांगेचा प्रयोग करून निरीक्षण लिहा.
• बाटलीचं झाकण किती फेऱ्यांत बसतं ते मोजा. अर्ध्याच फेऱ्यावर बाटली उलटी करून पाहा. (अंगणातच करा!)
• १४ मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांचं अंतर १.५ मिलिमीटर आहे. किमान किती फेरे हवेत? (उत्तर : साधारण ९.३, म्हणजे १० घ्या.)
• ईटी ४० च्या चाकाला १५ मिलिमीटरचा स्पेसर लावला तर नवा ईटी किती? (उत्तर : २५)
• ३० सेंटीमीटरच्या पान्याला ३०० न्यूटन जोर दिला, तर किती न्यूटन-मीटर? (उत्तर : ९०)

तिसऱ्या प्रश्नात ९.३ चे १० का घेतले, ९ का नाही, यावर मुलांना बोलू द्या. आसन्न किंमत काढताना आपण एरवी ९ म्हणतो. इथे मात्र वरच घ्यावं लागतं, कारण कमी पडून चालणार नाही. चाकावरचं गणित वहीतल्या गणितापेक्षा कुठे वेगळं आहे, ते मुलं स्वतःच सांगतील.